टोपी बाजारातील अपूर्णांक

ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग दौलतराव शिंद्यांच्या १८१० सालच्या छावणीतून वाढला, आणि छावणीमागोमाग आलेली अनेक मराठी कुटुंबे तेथील ‘बाडा’ या मध्यवर्ती चौकाभोवतीच्या गल्ल्यांत स्थिरावली. परिणामी, तिथल्या टोपी बाजारातून दप्तर सांभाळत शाळेला जाणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला १९५०च्या दशकात दोन अंकगणिते आली होती. शाळेत हिंदीतून ‘पहाडे’ म्हणावे लागत, तर दिवेलागणीला शुभंकरोती आटोपल्यावर घरी मराठीतून ‘परवचा’, म्हणजे पाढ्यांचे खड्या आवाजातील नित्य पठण, होत असे. शाळेतील ‘सवैया’ आणि घरातील ‘सवायकी’ या सव्वापटीच्या पाढ्यांची उत्तरे एकच असली, तरी चुकल्याबद्दलच्या शिक्षा स्वतंत्र होत्या, आणि एकीची वजावट दुसरीतून मिळत नसे.

परवच्याचा खरा कस अपूर्णांकांत लागे: पावपटीची पावकी, अर्धपटीची निमकी, मग पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनपटीची औटकी, जिच्यापर्यंत पोचण्याआधीच धाकटी भावंडे बसल्याजागी झोपी जात. या पाठांतराला बाजाराचा आधार होता, कारण रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे असल्याने भाव पावपटीत आणि निमपटीतच बोलले जात. अडीच आणे वाराचे साडेतीन वार कापड पावणेनऊ आण्यांना पडते, हे क्षणात सांगणाऱ्या मुलाचे घरी कौतुक होई आणि त्या दिवसापासून बाजारहाट त्याच्याच गळ्यात पडे. त्यामुळे दूरदृष्टीची मुले औटकीत मुद्दाम अडखळत, असे मानण्यास बराच वाव आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती, म्हणजे रुपयाचे १०० ‘नये पैसे’ करणारी व्यवस्था, अमलात आली आणि आण्याची किंमत सव्वासहा नये पैसे ठरली. पाव नया पैसा मात्र टांकसाळीने पाडलेला नसल्याने अधिकृत तक्त्यात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ नये पैसे धरले गेले. पावकीवर पोसलेल्या बुद्धीला यातील फट दिसणे क्रमप्राप्तच होते: तीन आण्यांची गजक, म्हणजे थंडीत मिळणारी तीळगुळाची खुसखुशीत वडी, एकदम घेतल्यास १९ नये पैसे पडत, पण आण्या-आण्याची करून तीनदा घेतल्यास १८. हाच तक्ता विक्रेत्यालाही पाठ असल्याने तो ‘एकदम घे’ असा वडीलकीचा सल्ला देई, आणि गिऱ्हाइकाने तो न मानता तिसऱ्यांदा रांगेत उभे राहावे तोच मधली सुट्टी संपल्याची घंटा होई. अशा रीतीने वाचलेल्या एका नव्या पैशामागे एक छडी पडत असे, जिचा विनिमयदर कोणत्याही तक्त्यात दिलेला नव्हता.

नव्या नाण्यांनी औटकीचे व्यवहारातील प्रयोजन संपवले, तरी घरोघरचा परवचा लगेच थांबला नाही. यावरून निघणारा निष्कर्ष असा की, परवच्याचे मूळ प्रयोजन हिशेब हे नसून, स्वयंपाक होईपर्यंत घरातील सर्व मुले एका ठिकाणी बसलेली आहेत याची ऐकू येणारी खात्री हे होते, आणि त्या कामी औटकीला दशमान पद्धतीत पर्याय नव्हता.