आय-सेव्हन आणि बादलीभर पाणी

कळसमध्ये कॉम्प्युटर घेणं ही घरगुती बाब राहत नाही. सकाळी घरात विषय निघाला की दुपारी पारावर त्याचं मॉडेल ठरलेलं असतं. आमचा तालुका इंदापूर, बाजारहाट बारामतीला, सल्ला मात्र गावातच पिकतो. त्याला ना पाटपाणी लागतं, ना खत.

या पिकातले बागायतदार म्हणजे आमचे तात्या, माझे चुलते. दोन एकरांसाठी पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतलेला माणूस. म्हणाले, "घ्यायचा तर आय-सेव्हनच घे. आय-फाइव्ह म्हंजे दोन कमीच पडलं की!" या गणितापुढं गावात कुणाचं काही चालत नाही.

बायकोनं मात्र एकच विचारलं, "पण त्याच्यावर करायचं काय हाय?"

मग यादी झाली. ऊसबिलाचा आणि दुधाचा हिशेब, पोरीचा अभ्यास, सातबारा काढणं, डाळिंबाच्या फवारणीचे व्हिडिओ. या यादीतल्या कुठल्याच कामाला ग्राफिक कार्ड लागत नव्हतं. रंगीत दिव्यांचा पंखा तर कुणालाच लागत नव्हता. आठ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यात सगळं बसत होतं. यादी लिहायला पेनाची शाई तेवढी खर्च झाली आणि बजेट निम्म्यावर आलं.

त्यातही नवा घ्यायचा नाही असं ठरलं. पुण्यातल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात. ते दणकट डबे झाडूनपुसून निम्म्याहून कमी पैशांत बाजारात येतात. फक्त प्रोसेसरची पिढी बघायची. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरांना विंडोज 11 दारात उभं करत नाही. आम्ही आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतला. सातव्या पिढीचा आणखी स्वस्त मिळतो, पण मग त्यावर फुकटातलं लिनक्स मिंट टाकायची तयारी हवी. हिशेबाला लिब्रेऑफिस घेतलं, तेही फुकट. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून व्हायरसला पाहुणचार करायची गरजच उरली नाही.

रॅम पुढच्या वर्षी वाढवू, असं मी म्हणत होतो. पोरगी म्हणाली, "आत्ताच घ्या." एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. उसाला टनामागं शंभर रुपये वाढवून घ्यायला रस्त्यावर बसावं लागतं. रॅमचा भाव बसल्या जागी वाढला, आणि कुणी साधा चक्का जामसुद्धा केला नाही.

देखभालीचा खरा प्रश्न विजेचा. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज लोळण घेतं, बंद झाल्या की उसळतं. म्हणून यूपीएस घेतला. त्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर एवढंच लावायचं, लेझर प्रिंटर नाही, तो एका दमात यूपीएसला आडवा करतो. पण यूपीएसइतकंच महत्त्वाचं अर्थिंग. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. मी खड्ड्यात बादली ओतताना शेजारणीनं पाहिलं आणि गावभर झालं, "त्येंच्या कॉम्प्युटरला पाणी घालावं लागतंय."

उसाचं पाचट पेटलं की काजळी उडते आणि कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसते. वायर काढून, झाकण उघडून, मऊ ब्रशनं झाडायची. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा. कंप्रेसरनं तो गरागरा फिरवण्यात मौज आहे, पण बेअरिंग जातं.

मध्यंतरी एकही वेबसाइट उघडेना. एका जाणकारानं मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. पोरीनं तारीख बघितली, तर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागं जाऊन बसलेला. तारीख चुकली की वेबसाइटांची सुरक्षा-प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. आतला नाण्याएवढा सीआर2032 सेल संपला होता. घड्याळवाल्याकडं तो किरकोळीत मिळाला.

तात्यांनी दरम्यान स्वतः आय-सेव्हन घेतला. हार घातला, कुंकू लावलं आणि काकूंनी त्यावर भरतकामाचं कव्हर चढवलं. परवा सातबारा काढायला आमच्याकडं आले. म्हटलं, "तात्या, तुमच्यावर काढायचा की!"

"येडा का खुळा तू?" तात्या म्हणाले. "वापरून खराब हुईल त्यो."