एकवीस नावं पाठ झाली, पुढे?

दिव्यांगत्वाचे प्रकार किती, असं प्रशिक्षणातून नुकत्याच बाहेर पडलेल्या शिक्षकाला विचारा. एकवीस, असं उत्तर लगेच येईल. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते दिलेले आहेत आणि पडद्यावर एकामागून एक दाखवलेही जातात. आता दुसरा प्रश्न विचारा. तुमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. बोलण्यात चुणचुणीत, तोंडी हिशेबात पुढे, पण पुस्तक उघडलं की गप्प. उद्या पहिल्या तासाला तिच्यासाठी नेमकं काय करणार? इथे उत्तर अडतं. दोष शिक्षकाचा नाही. हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

आपल्याकडे समावेशित शिक्षणाचं प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा गटसाधन केंद्राचा हॉल. हजेरीपत्रक, सुलभक, पीपीटी, गटचर्चा, तक्ता, गटाचं सादरीकरण, फोटो, प्रमाणपत्र. दिवसभर मुलांविषयी बोलणं चालतं आणि त्या खोलीत एकही मूल येत नाही. शिक्षक परत जातो तो व्याख्या घेऊन. व्याख्येने वर्गात काही हलत नाही. उलट एक नवा धोका तयार होतो. पूर्वी ज्या मुलाला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं जायचं, त्याला आता ‘एलडी (अध्ययन अक्षमता) आहे’ म्हणून त्याच बाकावर बसवलं जातं.

वाचनाची अडचण हेच उदाहरण घेऊ, कारण ती जवळपास प्रत्येक शिक्षकाला भेटते आणि सगळ्यांत उशिरा ओळखली जाते. डिस्लेक्सिया म्हटलं की इंग्रजीतल्या बी आणि डीची उलटापालट दाखवतात. चित्रपटातही तेच पाहिलेलं असतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल देवनागरी वाचतं, आणि देवनागरीच्या अडचणी तिच्या स्वतःच्या आहेत. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य च्या आधी, पण बसतो य च्या डोक्यावर. हाच र ‘चक्र’मध्ये वेगळा दिसतो, ‘राष्ट्र’मध्ये वेगळा आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यात एका बारीक रेघेचं अंतर. ज्या मुलाला ध्वनी आणि खूण यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात, त्याचं जोडाक्षरापाशी काय होत असेल याची कल्पना करा.

हे समजलेला शिक्षक वेगळं वागतो. तो आधी शब्द कानाने फोडायला शिकवतो: टाळी वाजवून, तुकडे पाडून, पहिला आवाज कोणता आणि शेवटचा कोणता हे विचारून. मग अक्षर. मोठं, बोटाने वाळूत किंवा फरशीवर गिरवून. जोडाक्षरं एका वेळी एकच. त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर अचानक उभं करून ‘वाच’ म्हणत नाही. उद्या जो परिच्छेद वाचायचा आहे तो आज घरी देतो. परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी घेतो, कारण तिथे तिला परिसर किती कळला ते पाहायचं आहे, ऱ्हस्वदीर्घ नाही. यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. लागतो तो सराव, आणि सराव करून घेणारा कुणीतरी माणूस.

साधनंही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘दाली’ नावाची चाचणी तयार केली. ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनीच भरायच्या निरीक्षण सूच्या आहेत. शिक्षकाने निदान करू नये. ते तज्ज्ञाचं काम. पण कोणत्या मुलाकडे लवकर पाहायला हवं, हे शिक्षकाइतकं कुणालाच कळत नाही. माझं म्हणणं एवढंच: राज्यातल्या प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणात ही सूची हातात देऊन, स्वतःच्या वर्गातल्या मुलांसाठी भरून घेतली पाहिजे. पडद्यावर दाखवून नाही.

परीक्षेतल्या सवलतीसाठी लागणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचंही स्पष्ट बोलू. महाराष्ट्राने १९९६पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. देशात हे काम आपण लवकर केलं, त्याचा अभिमान असावा. पण सवलतीचा खरा उपयोग होतो दहावीला, आणि वाचन शिकवायचं असतं दुसरीत. मधली आठ वर्षं मूल रोज वर्गात बसतं. त्या आठ वर्षांचं काय, हा प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. मुंबईतल्या पालकांना प्रमाणपत्रासाठी शीवच्या टिळक रुग्णालयासारखं ठिकाण गाठता येतं. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या पालकाला प्रमाणपत्रापर्यंत पोचायला मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. त्याच्या मुलाला जे काही मिळणार आहे ते त्याच्या शाळेतल्या शिक्षकाकडूनच मिळणार आहे.

बाकीच्या मुलांसाठीही लागतं ते असंच, साधं आणि नेमकं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला ओठ दिसले पाहिजेत. फळ्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक त्याच्यापुरता मुका होतो. खिडकीला पाठ करून उभं राहिलं तरी तोंडावर अंधार पडतो. अल्पदृष्टीच्या मुलाला चकाकणारा फळा वाचता येत नाही, मग जागा बदला, लिहिलेलं मोठ्याने वाचा. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांत लावून दाखवा आणि तो मोडणार असेल तर आधी सांगा. स्नेहसंमेलनाच्या सरावाला अचानक ओढत नेऊ नका. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणं अजूनही चालतं, ते थांबवा. हे दहा मिनिटांत सांगता येतं. पण हॉलमध्ये सांगितलेलं वर्गात टिकतं कधी? कुणीतरी शेजारी उभं राहून करवून घेतलं तर.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारला प्रमाण ठरवायला सांगितलं आणि सरकारने पुढे ते ठरवलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या इयत्तांत पंधरांमागे एक. सर्वसाधारण शाळांतल्या इतर शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांनाही सक्तीचं प्रशिक्षण द्या, असंही न्यायालयाच्या त्याच निकालात आहे. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत एका विशेष शिक्षकाने जवळपासच्या शाळांत फिरावं, ही सोय न्यायालयाने तात्पुरती म्हणून मान्य केली. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसांना नियमित पदाची वाट मिळाली, हे चांगलं झालं. पण दर केंद्राला एक म्हणजे फिरतीच, आणि तात्पुरती सोय आपल्याकडे कायमची होऊन बसायला वेळ लागत नाही.

गणित करून पाहा. केंद्रात दहा-बारा शाळा धरा. एका शाळेच्या वाट्याला विशेष शिक्षकाचे महिन्यातून दोन दिवस आले तरी पुष्कळ. त्यातच गृहभेटी, शिबिरं, ओळखपत्रांची कामं, माहितीचे तक्ते. उरलेल्या वेळात त्याने मुलाला वर्गाबाहेर काढून कोपऱ्यात अर्धा तास शिकवलं, तर एक मूल अर्धा तास शिकलं. पण तोच अर्धा तास तो वर्गशिक्षकाशेजारी बसला, आज या मुलीसाठी फळ्यावर काय लिहायचं आणि प्रश्न कसा विचारायचा हे दोघांनी मिळून केलं, तर विशेष शिक्षक नसलेल्या वीस-बावीस दिवसांतही ती मुलगी शिकत राहील. फिरत्या शिक्षकाचं पहिलं काम वर्गशिक्षकाला तयार करणं हे आहे. त्याच्या कामाच्या नोंदवहीत किती मुलांना भेटला याचा रकाना असतो. किती शिक्षकांबरोबर पाठ घेतला, हाही रकाना हवा.

यावर एक रास्त तक्रार येईल. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, वर मतदारयाद्या आणि सर्वेक्षणं. यात आणखी हे? तक्रार खरी आहे आणि शाळाबाह्य कामांचं ओझं उतरवलंच पाहिजे. म्हणूनच मी आणखी एक प्रशिक्षण मागत नाही. केंद्राची शिक्षण परिषद होतेच. तिच्यात परिपत्रकांचं वाचन कमी करा आणि एका शाळेतलं एक मूल चर्चेला घ्या: त्याची वही, त्याचं वाचन, काय करून पाहिलं, काय जमलं नाही. पुढच्या परिषदेत त्याच मुलाचं पुढे काय झालं ते सांगा. वर्षभरात केंद्रातल्या प्रत्येक शिक्षकाच्या डोळ्यांसमोर सात-आठ खरी मुलं असतील. एकवीस व्याख्यांपेक्षा ते कितीतरी जास्त आहे.

मूळ दुखणं मात्र आधीचं आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं झालं, आणि त्याच्या आराखड्यात समावेशित शाळेसाठी जागा आहे अर्ध्या विषयाएवढी. अर्धा विषय, तोही लेखी. छात्राध्यापक सरावपाठाला जातो तेव्हा त्याचा पाठ वर्गातल्या हुशार मुलांच्या उत्तरांवर पार पडतो आणि निरीक्षक सही करतो. सरावपाठांपैकी काही पाठ तरी शिकण्यात अडचण असलेल्या मुलासाठी आखलेले, त्याच्या वर्गात घेतलेले आणि तेवढ्यावरच तपासलेले असावेत. डी.एल.एड.लाही तेच. विद्यापीठांनी आणि अध्यापक शिक्षण परिषदेने हे ठरवलं तर नव्या इमारती लागत नाहीत.

तोपर्यंत पालकांनी थांबू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या: विशेष शिक्षक आपल्या शाळेत शेवटचे कधी आले, आणि आले तेव्हा किती वेळ वर्गात, वर्गशिक्षकांबरोबर बसले? तुमचं मूल या एकवीसपैकी कशातही बसत नसलं तरी विचारा.