काढेल त्याचा फोटो

आमच्या शेजारच्या काकू गोधड्या शिवतात. जुन्या सुती लुगड्यांचे चार थर, वरून बारीक धावदोरा, आणि एका गोधडीला सव्वा महिना. किंमत 2,800 रुपये. ती ऐकून सातारकर हसतात आणि मुंबईकर "एवढी स्वस्त?" म्हणून संशय घेतात. मुंबईकर परवडले, असं म्हणून काकूंनी गेल्या दिवाळीत ऑनलाइन दुकान थाटलं.

फोटो मी काढला. गच्चीवर, सकाळच्या उन्हात. काका गोधडीच्या मागे ती अंतरपाटासारखी धरून उभे होते. 'शुभमंगल' म्हणायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. फोटोत काका असे कुठेच नाहीत. वरच्या काठावर त्यांचे दोन अंगठे तेवढे आहेत. त्यातल्या उजव्याचं अर्धं नख कधीकाळी अडकित्त्यात गेलेलं. मागे अजिंक्यतारा.

अजिंक्यतारा चालणार नाही, असं बाजारस्थळाच्या नियमावलीनं कळवलं. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र हवी, आणि शुभ्र म्हणजे किती, तर लाल 255, हिरवा 255, निळा 255. वस्तूनं चौकटीचा 85 टक्के भाग व्यापला पाहिजे. हा किल्ला घ्यायला औरंगजेबाला सुमारे साडेचार महिने लागले होते, 1700 साली पडला तो. माझ्या फोनमधल्या ॲपनं दोन सेकंदांत पाडला. अंगठे मात्र शिल्लक राहिले. ॲपला ते गोधडीचेच गोंडे वाटले असावेत.

मग अटी आल्या. काकूंनी चष्मा शोधला, तो सापडेपर्यंत वाट पाहिली नाही, आणि 'मान्य आहे'वर अंगठा ठेवला. पूर्वी सावकाराच्या कागदावर ठेवायचे, तेव्हा निदान शाई लागायची. घरी येऊन हात धुताना तरी मनात शंका यायची. अटी मी नंतर वाचल्या. पहिलं वाक्य दिलदार होतं: तुमच्या चित्रांची मालकी तुमचीच. दुसऱ्या वाक्यात त्या चित्रांचा वापर करण्याचा विनामोबदला, जगभर लागू, कायमचा आणि परत न घेता येणारा परवाना काकूंनी बाजारस्थळाला देऊन टाकला होता. म्हणजे सातबाऱ्यावर नाव काकूंचं, पिकात गुरं सगळ्या गावाची.

गुरं डिसेंबरात आली. काकूंच्या गोधडीच्या पानावर आणखी चौदा विक्रेते बसलेले दिसले. फोटो तोच, वर्णन तेच (शुद्धलेखनाच्या माझ्या दोन चुकांसकट), चांदण्या त्याच, आणि चौदाही ठिकाणी काकांचा अर्ध्या नखाचा अंगठा. सगळ्यात स्वस्त विक्रेता पानिपतचा निघाला. 499 रुपये, घरपोच मोफत. आपल्याकडची माणसं पानिपतावर कशी गेली हे आपण शाळेत शिकतो. अंगठाही गेला हे मात्र नवीन होतं.

बाजारस्थळाचं म्हणणं ऐकलं तर त्यात तर्क आहे, हे कबूल केलं पाहिजे. एकाच कंपनीचा एकच कुकर पन्नास जण विकत असतील तर पन्नास पानं कशाला? पान एक, त्याखाली विक्रेते रांगेत. ज्याचा भाव कमी, माल लवकर पोचणारा, त्याच्याकडे 'खरेदी करा'चं मोठं बटण सहसा जातं. कुकरला हे ठीक आहे. पण काकूंच्या स्वतःच्या दोन गोधड्यासुद्धा एकमेकींसारख्या नसतात. एकीत धाकट्या जावेचं लुगडं असतं, दुसरीत नसतं, आणि त्यामागे कारण असतं. संगणकाला जाऊ कळत नाही. तो म्हणाला, गोधडी म्हणजे गोधडी. आठवड्यात काकूंच्या पानावर एक चांदणी पडली: "फोटोत होती तशी नाही. अंगावर घेतली की खाजते." खाजणारी पानिपतची होती, चांदणी काकूंच्या पदरात.

तक्रार केली. मदतनीस म्हणून जे कोणी यंत्र बसवलं आहे, त्यानं आमच्या भावना समजून घेतल्या आणि विचारलं, फोटो तुमचाच कशावरून?

इथं मी कायदा उघडला आणि घरात भांडण लागलं. कॉपीराइट कायदा 1957 चा. कुळकायद्याचा कृषक दिनही 1 एप्रिल 1957. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे कसेल त्याची जमीन झाली, त्याच वर्षी देशात काढेल त्याचा फोटो झाला. फोटो कलात्मक असलाच पाहिजे अशी अट नाही, हे वाचून मला विशेष बरं वाटलं. नोंदणीही सक्तीची नाही. आणि 2012 च्या दुरुस्तीपासून हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावर आणखी 60 वर्षं टिकतो. गोधडी काकूंची, अंगठा काकांचा, आणि मालक मी! मी मृत्युपत्राचा विषय काढला.

"पुढचं वाच," काका म्हणाले. पुढे असं होतं, की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक तो सांगणारा.

"त्या दिवशी चहा घेतलास," काकू म्हणाल्या. "दोन कप. वर खारी."

"काकू, चहा हा पाहुणचार झाला. मोबदला कसा?"

"मग पुढच्या वेळी पाहुण्यासारखा ये. रोज येतोस तो कोण?"

हा मुद्दा एखाद्या न्यायालयानं तपासावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. दुसऱ्याच्या पानावर चढून बसण्याचा मुद्दा एका न्यायालयानं तपासलाही आहे. दिल्ली उच्च न्यायालयात ऑगस्ट 2022 मध्ये फ्लिपकार्टविरुद्ध बायकांचे कपडे विकणाऱ्या एका ब्रँडचा दावा आला. दुसऱ्यांना त्याच्या नावावर आणि फोटोंवर बसू देणारी सोय होती. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी विक्रेत्याच्या संमतीवाचून हे चालणार नाही असं म्हणून ती त्याच्यापुरती बंद करायला लावली. काकूंचं दुकान दुसरीकडे आहे, आणि दिल्लीला जायचं भाडं तीन गोधड्या. कायद्यात स्वस्त वाटही आहे: लेखी तक्रार दिली की मध्यस्थानं 36 तासांत ते चित्र खाली उतरवायचं. मात्र 21 दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाहीत, तर ते पुन्हा वर चढवायला तो मोकळा. चोर किमान तीन आठवडे रजेवर जातो, हेही नसे थोडके.

आम्ही पुरावा पाठवला. काकांनी ताजं वर्तमानपत्र धरलेला फोटो, उजवा अंगठा ठळक, शेजारी मूळ गोधडी. छत्तीस तासांच्या आत उत्तर आलं, हे मान्य करतो. 'आपण पाठवलेलं चित्र आमच्याकडच्या इतर चौदा विक्रेत्यांच्या चित्रांशी जुळतं. नक्कल केल्याबद्दल आपलं पान तात्पुरतं बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास संबंधित विक्रेत्याशी संपर्क साधावा.' सोबत पानिपतचा नंबर.

काकूंनी फोन लावला. माणूस अतिशय सुस्वभावी निघाला. 'माताजी' म्हणाला, तब्येत विचारली, सातारा कुठे आलं ते विचारलं. धंदा बरा चाललाय म्हणाला, फक्त फोटो जरा अंधुक येतो, गिऱ्हाईक तक्रार करतं. मोठा, मूळ फोटो असेल तर पाठवून द्याल का?

काकूंनी फोनवर हात ठेवला, क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे वळल्या.

"पाठव रे त्याला. पण आधी अंगठा काप."

काकांनी दोन्ही हात पटकन शालीत घेतले.