ग्रह वक्री होईनात

गाडी घ्यायच्या आधी माझ्या मेहुण्यानं ज्योतिषाला पत्रिका दाखवली, पण मेकॅनिकला गाडी दाखवली नाही. ज्योतिषी म्हणाले, सगळे ग्रह मार्गी आहेत, खुशाल घ्या. त्या भरवशावर त्यानं सात वर्षं जुनी, डबल केबिनची, मागं उघडा हौदा असलेली पिकअप घेतली. ऑटोमॅटिक. आरटीओच्या कागदावर ती काहीही असो, मेहुण्याच्या तोंडी ती पहिल्या दिवसापासून ‘आपला ट्रक’ झाली.

आता ट्रकला लांबचा प्रवास हवा. त्यानं पेडगाव काढलं. “दाजी, आपण जन्मभर दुसऱ्यांना वेड पांघरून पेडगावला पाठवलं. एकदा स्वतः जाऊन येऊ.” हे म्हणीतलं पेडगाव खरोखरच आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथला बहादूरगड मोगलांचा सरदार बहादूरखान याचा. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १६७४ च्या पावसाळ्यात, महाराजांच्या फौजेनं तिथं जी गंमत केली ती अजून सांगतात. एक लहान तुकडी छावणीवर चालून आली आणि मोगल बाहेर पडताच पाठ फिरवून पळत सुटली. खानाची फौज तिच्या मागं लांबवर गेली, आणि तोवर मराठ्यांच्या मोठ्या तुकडीनं मागं राहिलेला खजिना आणि घोडे उचलून नेले. म्हणजे वेळेवर मागं फिरता येणं ही त्या मुलखातली जुनी विद्या. आमच्याकडे नेमकी तीच नव्हती, पण ते कळायला अजून तीन तास होते.

सासूबाईंनी निघताना सांगितलं, श्रीगोंद्यातून जातच आहात तर लोणच्याला लिंबं आणा. त्या भागातलं लिंबू त्यांच्या मते पुण्यातल्या लिंबापेक्षा पातळ सालीचं आणि सरळ स्वभावाचं असतं.

पाटसला महामार्ग सोडून दौंडकडे वळण्याआधी आम्ही चहाला थांबलो. चहा पिऊन मेहुण्यानं किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. दांडा पीमध्ये होता. त्यानं तो जागच्या जागी दोनदा हलवला, पुन्हा किल्ली, पुन्हा ढिम्म. मग दांडा एनमध्ये ओढला आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

“बॅटरीला थंडी वाजते,” मेहुणा म्हणाला.

जानेवारी होता, मी मान डोलावली. मेहुण्याच्या गाडीबद्दल दाजीनं मत देऊ नये, हा नियम मी लग्नापासून पाळत आलो आहे. या एका नियमामुळे पुढचा अर्धा दिवस गेला.

दौंड सोडून भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. कागदावर २०२४ पासून तो अहिल्यानगर आहे, पण रस्त्यावर ज्याला विचारावं तो ‘नगरला जायचंय का’ असंच म्हणतो. शनिवार असल्यानं काष्टीत जनावरांचा बाजार होता. एका टेम्पोतून खिलारी बैल उतरत होता आणि त्याला फळीवरून मागच्या पायांनी उतरायचं नव्हतं. चार माणसं त्याला मागं रेटत होती, बैल पुढं बघत होता. तेव्हा आम्ही दोघं त्याला हसलो.

हंगाम ऊसतोडीचा. तालुक्यात नागवडे कारखाना आहे, कुकडी आहे, आणि रस्त्यावर या दोघांचा ऊस. एक ट्रॅक्टर, त्याला मागोमाग दोन ट्रॉल्या, वर पोटरीएवढा स्पीकर. हे प्रकरण ओलांडून पुढं जायचं म्हणजे ड्रायव्हरला आधी गाणं ऐकवून झालेलं असावं लागतं.

श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद इथले, त्यांची समाधीही इथंच. शिंदे सरकारांचा वाडाही इथं आहे. मेहुण्याला वाडा बघायचा होता. फोनवरच्या बाईनं डावीकडे वळायला सांगितलं आणि आम्ही एका बोळात शिरलो. तो बोळ दोन घोडेस्वार शेजारून जावेत या हिशेबानं आखलेला असावा. निम्म्यात गेलो तर समोरून ट्रॅक्टर. मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. स्पीकर भरलेला.

ड्रायव्हर जेमतेम विशीतला. त्यानं गाणं बारीक केलं आणि अदबीनं म्हणाला, “पाव्हणं, जरा मागं घ्या.”

त्याचं बरोबर होतं. एक ट्रॉली मागं घेणं ही कला आहे, दोन ट्रॉल्या मागं घेणं हा अपघात असतो. पहिली उजवीकडे वळते, दुसरी डावीकडे, आणि ट्रॅक्टर मधे तोंड लपवायला जागा शोधतो.

मेहुण्यानं रुबाबात दांडा आरवर ढकलला आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, ट्रक जागचा हलला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आर टाकला की समोरच्या पडद्यावर मागचं दृश्य दिसायचं, तेही आलं नाही. पडदा आम्हाला रेडिओचं स्टेशनच दाखवत बसला.

इतक्यात माणसं जमली. गाडी बंद पडली की आपल्याकडे माणसं कुठून येतात याचा शोध कुणी लावलेला नाही, ती आधीपासून तिथंच असतात आणि आपण बंद पडल्यावर दिसू लागतात, असं माझं मत आहे.

“काय झालं?”

“रिव्हर्स लागंना त्यांचा.”

“क्लच प्लेट गेली.”

“अहो, क्लचच नाही या गाडीला,” मेहुणा म्हणाला.

“मग गेलीच की!”

यावर मेहुण्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यानं ऑइल संपल्याचं सांगितलं, तिसऱ्यानं अशा गाड्या थंड मुलखातल्या असतात हे, आणि एका आजोबांनी खिडकीतून आत डोकं घालून तीन पायडलं मोजायचा दोनदा प्रयत्न करून सोडून दिला.

“एनमध्ये टाका, ढकलतो आम्ही,” ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला. “इंजिन मात्र चालू ठेवा, न्हाईतर स्टेअरिंग आन् ब्रेक दोन्ही जड व्हत्याल.”

पुढं जाताना माणूस एकटा असतो, पण मागं जाताना अख्खा गाव त्याच्याबरोबर असतो. जवळजवळ दोन टनांचा ट्रक आठ-दहा जणांनी समोरून रेटायला सुरुवात केली आणि उरलेले सगळे हुकूम द्यायला मागं गेले. येऊ द्या. कट मारा. उलटा कट. पुरा फिरवा. सोडा सोडा. अहो सोडा म्हणजे स्टेअरिंग, ब्रेक नाही! उजव्या बाजूला उभा राहून ‘डावीकडं’ म्हणणारा माणूस त्याची डावी सांगतो का आपली, हे आयुष्यभर न सुटलेलं कोडं इथं चार तोंडांनी एकदम आलं. शिवाय हौद्यावर थाप. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे येऊ द्या. पण दोघांनी एकेक मारली तर त्याच्या दोन होतात. तशा त्या झाल्या आणि एका घराच्या ओट्याचा कोपरा आमच्या बंपरला लागला. घरातल्या आजी बाहेर आल्या. त्यांनी ओटा बघितला, बंपर बघितला, आणि ओट्याला काही झालेलं नाही याची खात्री करून आत गेल्या.

बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं गाणं पुन्हा मोठं केलं आणि दोन्ही ट्रॉल्या खणखणत आमच्या समोरून निघून गेला. पुढं म्हणजे पुढं, तो बरा होता.

आता शहाणपणा असा, की जिथून पुढं निघता येईल तिथंच थांबायचं. आम्ही गावाला लांबचा वळसा घालून दौंड रस्त्याला लागलो. वाटेत मेहुण्यानं पुण्यातल्या दोन मित्रांना फोन केले. पहिला म्हणाला, गिअरबॉक्सच बदलावा लागेल, दोन लाख धर. दुसरा म्हणाला, ब्रेक गच्च दाबून आरमध्ये रेस दे, आतले क्लच घसरत असतील तर इंजिनचे फेरे वाढतच जातील, लगेच कळेल. मेहुणा ते करायला निघालाच होता, पण तेवढ्यात रस्त्याकडेला टायरांची उतरंड आणि त्यामागं एक गॅरेज दिसलं.

मिस्त्री उसाच्या ट्रकचा पाटा बदलत होते. वय साठीचं, डोक्यावर टोपी, हातात जॅकचा दांडा. ऑटोमॅटिक म्हटल्यावर ते दचकले नाहीत. तरुणपणी चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत डंपरवर हेल्पर होते. “ते डंपर ऑटोमॅटिकच असत्यात,” ते म्हणाले. “दिवसभर भरायचं, ओतायचं, मागं घ्यायचं. तिथं क्लच दाबत बसला तर मानसाचा गुडघा पहिला जाईल.”

मेहुण्यानं दुसऱ्या मित्राचा रेस द्यायचा उपाय सांगितला.

“बिलकुल न्हाई. आधी फुकटचं बघू, मग महागाचं.”

हे वाक्य मला फार आवडलं. आमच्या घराण्यात सगळं उलट्या क्रमानं चालतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, वैद्यानं विचारावं तसं. डी टाकल्यावर धक्का बसतो का? बसतो. पुढं ओढ नीट आहे? आहे. आर टाकल्यावर थोडं थांबून का होईना, हलते का? अजिबात नाही. ऑइल कमी झालं तर बऱ्याचदा रिव्हर्सची तक्रार आधी येते, कारण त्याला दाब जास्त लागतो, पण तेव्हा गाडी आधी उशिरा लागते, कुरकुरते, एकदम मुकी होत नाही. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. गळती नव्हती, जळका वास नव्हता. मेहुण्यानं उत्साहानं बॉनेट उघडून ऑइलची काडी काढून दिली.

“ही इंजिनाची हाये,” मिस्त्री म्हणाले आणि काडी पुन्हा आत घातली.

“अन् चालू व्हायला काही तरास?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी लग्नापासूनचा नियम मोडला आणि पाटसचा प्रसंग सांगितला. पीमध्ये चालू होत नाही, एनमध्ये होते. पडदा लागत नाही.

मिस्त्री हसले. “मग आतलं मरूं द्या. बाहेर बघू.”

गाडी बंद करून नुसती किल्ली ऑन ठेवायला सांगितली. हँडब्रेक ओढला, चारी चाकांना दगड लावले, मला मागच्या दिव्यापाशी उभं केलं आणि बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली गेले.

“टाका आर.”

“टाकला.”

“हितं न्हाई आला.”

मेहुण्याच्या हातातला दांडा आरवर होता. खाली गिअरबॉक्सच्या अंगावरचा छोटा खटका मात्र आर आणि एनच्या मधे लोंबत होता. मग त्यांनी तो खटका हातानं ढकलला, आणि माझ्यासमोरचा पांढरा दिवा लागला.

“लागला!” मी ओरडलो. आयुष्यात एखादा दिवा लागल्याचा मला एवढा आनंद झालेला नाही.

हातातला दांडा आणि गिअरबॉक्समधला खटका यांना एक केबल जोडते. तिच्या टोकाच्या डोळ्यात एक प्लॅस्टिकचं बुश बसतं, कोटाच्या गुंडीएवढं. आमचं झिजून चुरा होऊन गेलं होतं. डीकडे ओढताना केबल ताणली जाऊन काम भागत होतं. आरकडे ढकलताना तिचं टोक आधी त्या रिकाम्या डोळ्यात फिरून यायचं आणि अर्ध्यात दमायचं. पीचंही तेच, म्हणून गाडीला वाटायचं आपण पार्कमध्ये नाहीच, आणि ती चालू व्हायची नाही. पुढं घरी येऊन वाचलं, तर २०२२ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीनं असल्याच एका बुशापायी सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. दांडा पीवर दिसतो, गिअरबॉक्स भलतीकडेच असतो, आणि मालक खाली उतरला की गाडी एकटी फिरायला निघते. पाटसच्या टपरीपुढं उतार होता. मेहुण्यानं सवयीनं हँडब्रेक ओढला होता, ही त्याच्या पत्रिकेतली खरी शुभ गोष्ट.

मिस्त्रींनी डिझेलच्या जाड नळीचा तुकडा कापला, तो त्या डोळ्यात दाबून बसवला, दोन्हीकडून वायसर, वर पिन. दांडा एनवर, खालचा खटका एनवर, मग केबल आवळली. गाडी पीमध्ये चालू होते का, एनमध्ये होते का, बाकी कशात होत नाही ना, हे तीनतीनदा बघितलं. “पुन्याला गेल्यावर कंपनीचं टाका. हे तेवढ्यापुरतं हाये.”

काम चालू असताना मी विचारलं, पुढं जाणारी गाडी मागं जातेच कशी? त्यांनी ग्रीस लागलेल्या बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. मधे एक गिअर, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती तीन-चार लहान, ते ग्रह. बाहेरून दातांचं कडं. ग्रहांची चौकट मोकळी असली की ते सूर्याभोवती फिरतात. ती चौकट आतल्या ऑइलच्या दाबानं धरून ठेवली, की ग्रह जागच्या जागी गिरकी घेतात आणि बाहेरचं कडं उलटं फिरायला लागतं. झाला रिव्हर्स.

मेहुणा गंभीर झाला. सगळे ग्रह मार्गी आहेत, असं ज्योतिषी म्हणाले होते. माणूस खोटं बोलला नव्हता. एकही वक्री व्हायला तयार नव्हता, हीच तर आमची पीडा.

मिस्त्रींनी साडेतीनशे रुपये घेतले आणि ओळखीच्या वखारीतून लिंबांची गोणी स्वस्तात मिळवून दिली. त्यातली दोन काढून त्यांनी बंपरखाली ठेवली. “कंपनीचं बुश येईस्तोवर,” ते म्हणाले. ते चेष्टा करत होते का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही.

पेडगावला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. गडाच्या आत बाभळी, पडकी तटबंदी, भीमेकडून येणारा वारा, आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान. मेहुण्यानं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघितलं नाही. त्यानं दांडा आरवर ढकलला, पडद्यावर मागचं रान दिसलं, आणि ट्रक आज्ञाधारक बैलासारखा मागं सरकू लागला. त्यानं काच खाली केली. मला वाटतं तो गुणगुणत होता.

इतक्यात एका बाभळीखालून शेळ्या वळणारे एक आजोबा उठले. काठी बगलेत धरली आणि हौद्यामागं उभं राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागले.

“येऊ द्या... येऊ द्या... कट मारा जरा... येऊ द्या... बास!”

हौद्यावर एक थाप पडली. मेहुणा थांबला आणि भारावून खाली उतरला.

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं. पाव मैलात ना भिंत, ना गाडी, ना माणूस.

“पन मी म्हणतो,” ते म्हणाले, “मागं कशापायी घेतली?”