झोन येऊन रायला जी!

"दोघं शाळेत घुसले बे! मागच्या दारानं! एकाले मी पाडतो, दुसऱ्याले तू पाड!"

संध्याकाळी साडेसहाची वेळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातले आमचे गाव, पानठेल्यासमोरचा सिमेंटचा बाक आणि बाकावर चार पोट्टे. शेणाची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी जागीच थबकली. आमच्या शाळेत मागच्या दाराने कुणी घुसल्याचे तिने आजवर ऐकले नव्हते. पटसंख्येचा आकडा पाहता पुढच्या दारानेही फारसे कुणी घुसत नाही. "कोनाच्या शाळेत रे बाबू?" तिने विचारले. चौघांच्या माना खाली, मोबाइल आडवे, अंगठे सुरू. उत्तर कोण देणार? म्हातारीने पदर सावरला आणि ती पोलीस पाटलाच्या घराकडे वळली.

त्या चौघांतला एक माझा भाचा. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. त्यामुळे त्याला रागावायचा हक्क माझ्या हातून लहानपणीच गेला. मी नुसता बाजूला बसलो. मग त्यानेच दया येऊन समजावून सांगितले.

"मामाजी, हे चौघाची गँग हाये आपली. याले स्क्वॉड म्हनतेत. विमानातून शंभर जन एका बेटावर उतरतेत. अंगावरचे कपडे सोडून जवळ काही नाई. घराघरात घुसाचं, बंदूक शोधाची, दिसन त्याले टिपाचं. शेवटी जे गँग उरन ते जिंकली."

"आणि कोणी लपूनच बसला तर?"

"कसा बसन जी? झोन येते ना!"

झोन म्हणजे निळी भिंत. ती चहूकडून आत सरकत येते. तिच्याबाहेर राहिला तो मेला. म्हणून सगळ्यांना पळत पळत एकाच ठिकाणी जमावे लागते आणि जमले की आपोआप मारामारी. हे ऐकल्यावर हा खेळ कोरियात तयार झाला यावर माझा विश्वास बसेना. तो बनवणारा माणूस ताडोब्याच्या कडेला चार महिने राहून गेलेला असणार. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१० साली बफर झोन आला. कोअर ६२५ चौरस किलोमीटर, बफर ११०० चौरस किलोमीटर. झोन कागदावर जागच्या जागीच असतो, पण वाघाने अधिसूचना वाचलेली नसते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघाने एकाच दिवशी मारले. खेळात मेलेला गडी लॉबीत बसून पुढच्या डावाची वाट बघतो. इथे पंचनामा होतो.

"पण हा खेळ बंद झाला होता ना रे?" मी विचारले.

चौघांनी एकदम माना वर केल्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. मग चौघेही हसले, आणि ठेल्यावालाही हसला.

त्यांचे हसू बरोबरच होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीसह ११८ अॅपवर बंदी घातली, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरे म्हणे रडली. चंद्रपूरचे पोट्टे शांत होते. बंदी म्हणजे काय असते याचे शिक्षण या जिल्ह्याला १ एप्रिल २०१५ पासून घरपोच मिळत होते. त्या दिवशी जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्यासाठी बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. त्यांचे चालणे खरे होते आणि त्यामागचे दुःखही खरे होते. फक्त दारूला हे कुणी सांगितले नाही. ती वर्धा नदी ओलांडून यवतमाळकडून आली, वैनगंगेच्या अंगाने आली, दुधाच्या कॅनमधून आली, भाजीच्या गाडीतून आली. आधी ती दुकानात मिळायची, मग फोनवर मिळू लागली. लोक म्हणू लागले, बंदीमुळे निदान घरपोच सेवा तरी सुरू झाली.

पब्जीचेही तेच झाले. दहा महिन्यांनी, २ जुलै २०२१ रोजी, तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असे भारदस्त नाव घेऊन परत आला. नावात इंडिया आला की अर्धी चौकशी तिथेच संपते. आणि योगायोग असा, की राज्य मंत्रिमंडळाने मे महिन्यात उठवलेली चंद्रपूरची दारूबंदी त्याच जुलैत प्रत्यक्ष सुटली, दुकानांची शटरे वर गेली. एका बारमालकाने तर पालकमंत्र्यांच्या फोटोला ओवाळल्याच्या बातम्या आल्या. एकाच महिन्यात दोन्ही परत! आमच्या तरुण पिढीच्या आयुष्यात अच्छे दिन नावाचे जे काही आले, ते तेवढेच.

पुढे जुलै २०२२ मध्ये हाही खेळ अडवला, मे २०२३ मध्ये पुन्हा सोडला. मधल्या काळात फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी आली, तेव्हा 'फ्री फायर मॅक्स' नावाचे त्याचे थोरले भावंड शेजारीच बसलेले होते. त्याला कुणी हात लावला नाही. पोट्ट्यांनी एक अॅप काढले आणि दुसरे टाकले. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यांना तर यात नवल असे काहीच वाटले नाही.

मी हे सगळे भाच्याला तावातावाने सांगत होतो, तेवढ्यात ठेल्यावाल्याने खर्रा घोटायला घेतला. फळीवर पन्नी ताणून ठोकलेली. तिच्यावर त्याने मूठभर बारीक सुपारी टाकली, डबीतून तंबाखू टाकला, बोटाने चुना ओढला आणि तळहात दाबून घासायला सुरुवात केली. खर्र-खर्र, खर्र-खर्र. सुपारी हळूहळू ओलसर, तांबूस झाली. मग ती दुसऱ्या पन्नीत बांधून, तोंडाला रबर गुंडाळून त्याने पुडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी हिशेब केला. सुगंधित तंबाखू राज्यात बंद आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. म्हणजे आमच्याकडे एका बंदीत दुसरी बंदी बांधून देतात आणि वर रबर लावतात. असा माल पाहत वाढलेल्या पोराला तुम्ही अॅपबंदीची भीती घालता?

सरकारला मात्र मुलांची काळजी असते. कंपनीलाही असते. म्हणून नव्या अवतारात संस्कार झाले. रक्ताचा रंग हिरवा केला. 'मारले' हा शब्द काढून 'संपवले' अशा अर्थाचा शब्द घातला, म्हणजे हिंसा झाली नाही, नुसते काम आटोपले. सुरुवातीलाच पाटी येते, की हे जग आभासी आहे. चीनमधल्या अवतारात तर गोळी लागलेला माणूस हात हलवून निरोप घेतो आणि जातो. आपल्याकडे एवढी सभ्यता अजून आली नाही. आपण हिरव्यावरच थांबलो. त्यातही गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, त्यामुळे तिथल्या पोट्ट्यांना हे रक्त दिसतच नाही अशी तक्रार आहे.

२०२१ साली खेळ परतला तेव्हा आणखी एक नियम आला. अठरा वर्षांखालच्या मुलाने दिवसाला तीन तासच खेळायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त ७००० रुपयेच खर्च करायचे. 'च' माझा आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे भाच्याच्या बापाने अठ्ठावीस दिवस तळ्यातली माती उपसायची आणि पोराने एका संध्याकाळी बंदुकीला सोनेरी रंग लावायचा. एवढा संयम पाळल्याबद्दल कंपनीचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पैशाच्या खेळांचे म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्यावरही कायदा आणला. त्याआधी महिनाभर, राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. सरकारने योग्य ती दखल घेतली आणि त्यांच्याकडचे कृषी खाते काढून क्रीडा खाते दिले. हे कळल्यापासून भाचा आईला सांगतो, "मी अभ्यासच करून रायलो." आणि मोबाइल आडवा धरतो.

जिंकल्यावर पडद्यावर अक्षरे येतात, त्याला हे पोट्टे 'चिकन डिनर' म्हणतात. याचे कौतुक मला कशाला सांगता? आमच्या कोंबडबाजारात हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दोन कोंबडे, पायाला काती, भोवती माणसांचा गराडा. तो गराडा म्हणजेच झोन. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या पिशवीत जातो आणि रात्री रश्श्यात. यावरही बंदी आहे, हे वेगळे सांगायला नको. पोलीस आले की तिथेही सगळे एकदम विमानातून उतरल्यासारखे रानभर पांगतात.

मेलेला पुन्हा उठतो याचेही भाच्याला फार अप्रूप. मी त्याला नाटकांसाठी वडसा गाव दाखवले. धान निघाले की झाडीपट्टीत नाटके सुरू होतात, रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटेशिवाय खाली येत नाही. तिथला खलनायक पहाटे चारला गोळी लागून कोसळतो, पाचला हिरोसोबत त्याच बशीत चहा ओततो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात नव्याने मरायला निघतो. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांनी अशा ८०० भूमिका केल्या, ५००० च्या वर प्रयोग केले, २०२३ साली पद्मश्री मिळवली. नेट गेले म्हणून त्यांचा प्रयोग अडल्याचे कुणी ऐकले नाही.

एक गोष्ट भाच्याला सांगितली नाही. गेल्या वर्षी अहेरीच्या बसस्थानकावर भामरागडच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाकाच्या एका टोकाला कॉलेजचा मुलगा याच खेळात गुंग. कानात काही नव्हते, आवाज मोठा. एकदम गोळ्यांची फैर झडली. मधोमध बसलेला म्हातारा, डोक्याला पागोटे, मांडीवर तांदळाचे गाठोडे, काही न बोलता उठला. गाठोडे उचलून भिंतीच्या आड गेला आणि पाठ भिंतीला लावून खाली बसला. त्याने कुणाकडे पाहिले नाही. मुलाने पाहिले, मग आवाज बंद केला. बराच वेळ नुसते अंगठे हलत होते. ज्या जिल्ह्यात २००९ साली लाहेरीच्या जंगलात एका दिवशी १७ पोलीस गेले आणि २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याला सुरुंगात १५ जवान आणि त्यांचा चालक गेला, तिथल्या म्हाताऱ्याला हिरव्या रक्ताची सेटिंग कशी समजावणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून शरण आला, तेव्हा मला त्या मुलाचा मोबाइल आठवला. त्या खेळात शरण यायचे बटण कुठे असते, हे विचारायचे राहून गेले.

असो. ठेल्यावर परत येतो. शेवटचे तीन जण उरले होते. भाच्याचा श्वास अडकलेला.

"मामाजी, आता बोलू नका जी, झोन येऊन रायला!"

आणि नेट गेले. चौघांनी एका सुरात जी शिवी घातली ती संपादक छापणार नाहीत. त्या शांततेत रस्त्याच्या टोकाकडून भोंगा ऐकू आला. वनविभागाची गाडी. "कालव्याजवळ वाघ दिसला आहे. अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये. पडावेच लागल्यास एकट्याने जाऊ नये, गटाने जावे, हातात काठी आणि बॅटरी ठेवावी..."

ठेल्यावाल्याने पन्नी गुंडाळली, बल्ब विझवला. आमचे घर कालव्याच्याच बाजूला. चौघे उठले. शंभर जणांना पुरून उरलेली गँग एकमेकांना खेटून उभी राहिली. एकाने कुंपणातून काठी उपसली, बाकीच्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले. पुढे कोण चालणार यावर थोडी बाचाबाची झाली. मग भाच्याने मला समजावले, की त्या खेळात एक प्रकार असतो, त्यात फक्त समोरचेच दिसते, मागचे काही दिसत नाही. म्हणून अनुभवी माणूस मागे ठेवतात.

"मामाजी," तो अदबीने म्हणाला, "तुम्ही मागं रावा जी."