चिरंजीव फक्त कागद मारतात

शुगरलँड, टेक्सास
20 ऑक्टोबर 2024

ती. आई आणि ती. आबांस,


व्हॉट्सॲपवरचा फोटो पाहून शेजारच्या काकूंनी गावभर केलं म्हणे, की तुमचा धाकटा अमेरिकेत जाऊन 'मुळशी पॅटर्न' झाला. आई, तुम्ही देव पाण्यात घातल्याचं वन्संकडून कळलं. ते आधी बाहेर काढा, सर्दी होईल त्यांना. फोटोतली पिस्तुलं खंडेनवमीच्या पूजेला मांडलेली होती. झेंडू इथं सोन्याच्या भावानं मिळतो, म्हणून एकेकाला एकच फूल वाहिलं.

हा नाद यांना तुमच्याच घरात लागला. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल, जत्रेत फुगे फोडायची बंदूक. आबांच्या बारा बोअरला हात लावायची मात्र छाती नव्हती. इथं आल्यावर यांना वाटलं, आता रान मोकळं. तर एच-वन व्हिसावरच्या माणसाला बंदूक घ्यायला कायद्यानं बंदी. सूट कोणाला, तर शिकारीचा परवाना असलेल्याला. तो दुकानात चार पैसे टाकले की मिळतो, पण माळकऱ्याच्या पोरानं शिकारी म्हणून सही कशी करायची? बसले ग्रीन कार्डाची वाट बघत. तेवढ्यात तिकडे पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल पाडला, नवा झाला, त्यावरून गाड्याही धावू लागल्या. मग यांचं कार्ड आलं.

त्यानंतर मात्र घरात पिस्तुलांची रीघ लागली. आपल्याकडे 2019 पासून परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. इथं गणतीच नाही. त्यातून यांना आवड जुन्या रिव्हॉल्व्हरांची. गंमत बघा, 1898 पर्यंत बनलेलं जुनं पिस्तूल इथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नव्हे, ती पुराणवस्तू. म्हणजे चापेकरांनी रँडवर गोळी झाडली 1897 साली. त्या काळातलं पिस्तूल आज इथं कपबशीसारखं विकत घेता येतं. हे ऐकल्यापासून आमचं शनिवारचं फिरणं म्हणजे जुन्या बाजारातली काचेची कपाटं. मी म्हटलं, एखादं जुनं कपाट घ्या, माझी पातेली तरी मावतील.

यांचं म्हणणं, ही आपल्या मुळशीची परंपरा आहे. मी विचारलं, कसली परंपरा? सेनापती बापट पॅरिसहून बॉम्ब शिकून आले, तरी 1921 साली मुळशीत उतरले ते सत्याग्रहातच ना! यावर उत्तर आलं नाही. मग बालेवाडीची शूटिंग रेंज पुढे आली. तिथे सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेनं ऑगस्टात पॅरिसला ब्राँझ मिळवलं, त्या दिवशी हे असे फिरत होते, जणू रायफल यांनीच पुसून दिली होती. त्या प्रकारात पन्नास मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका 10.4 मिलिमीटरचा. यांचा कागद पंधरा यार्डांवर, ठिपका चांगला ऐसपैस, तरी भोकं कडेकडेनंच.

आबा, आचारसंहिता लागली आणि तुमची बंदूक ठाण्यात जमा झाली, हे वाचून वाईट वाटलं. इंद्रायणी भात कापणीला आलेला आणि रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही. इथंही 5 नोव्हेंबरला निवडणूक आहे, पण बंदुका कोणी जमा करत नाही. उलट दुकानांत गर्दी वाढते. रानडुकरं टेक्सासातही लाखांनी आहेत, शेतंच्या शेतं उकरून ठेवतात. खासगी रानात त्यांना मारायला आता परवानाही लागत नाही. यांच्या ऑफिसातल्यांनी बोलावलं होतं, हे गेले नाहीत. तुम्ही आयुष्यभर हवेत बार काढलेत, चिरंजीव कागद मारतात. डुकरं दोन्हीकडे सुखी.

आई, तिजोरीची किल्ली माझ्याकडे असते आणि पोरं झोपल्याशिवाय ती उघडत नाही. खरं सांगू का, मला घरातल्या पिस्तुलांची भीती वाटत नाही. 2021 पासून इथं एकवीस वर्षांवरचा बहुतेक कोणीही परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतो, त्याची वाटते. आबांनी एका बंदुकीसाठी पौडला किती खेटे घातले! तेव्हा मी हसायचे. आता ते खेटे शहाणपणाचे वाटतात.

बाकी हा शौक म्हणजे निम्मा धुण्याभांड्यांचाच. रेंजवर तासभर ठो-ठो, मग संध्याकाळभर जेवणाच्या टेबलावर नळ्या पुसणं. चिंध्यांसाठी यांच्या सगळ्या बनियनी फाडून झाल्या. ते हॉपीज नंबर नाईन नावाचं औषध घरभर असं दरवळतं, की परवाच्या आमटीलाही त्याचा वास आला. पोरांनी निमूट पिझ्झा मागवला.

फराळाच्या पार्सलमध्ये आबा नातवासाठी टिकल्यांचं पिस्तूल घालणार आहेत, असं कळलं. कृपा करून घालू नका. टिकल्या विमानात चालत नाहीत, आणि इथं खेळण्यातल्या पिस्तुलाच्या तोंडाला नारिंगी रंग असावा लागतो. खऱ्याला नाही लागत. त्या जागेत चकल्या भरा. मोडल्या तरी चालतील.

तुमची,
सूनबाई