आमच्या कुळातले कूळ

रा. रा. तलाठी भाऊसाहेब यांसी,
(आमच्या गावचे जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर ज्यांच्या हातचे आहे ते)
मुक्काम : जिथे असाल तिथे.

सा. न. वि. वि.

पत्र खुले लिहितो आहे, कारण पाकिटावर घालायला तुमचा पत्ता नाही. नावही नाही. गावातला प्रत्येक जीव तुम्ही बापाच्या नावासकट टिपून ठेवलात आणि स्वतःच्या नावाच्या जागी एक गिरकी मारून मोकळे झालात. ती गिरकी मोडीवाचकालाही लागली नाही. म्हणाला, "ही सही आहे, किंवा बोरू झटकलाय."

मी मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडला राहतो. तुमच्या वेळी इथे नावाप्रमाणे मिठागरेच होती. आता तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या इमारतीचा तिसरा मजला दिसतो. तुमच्या-माझ्यात सव्वाशे वर्षांहून जास्त अंतर आहे आणि ओळख करून घेण्याचे काही कारण नव्हते. पण गेल्या वर्षी धाकट्या चिरंजीवांना इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद हवा होता. बापाचा दाखला १९६७ नंतरचा, म्हणून आजोबांचा शोधायला गेलो. आजोबा शाळेत गेले नव्हते, म्हणून पणजोबांचा. असे जिने उतरत उतरत एका दुपारी तालुक्याच्या गावी, लाल फडक्यात बांधलेल्या तुमच्या रजिस्टरापाशी पोचलो.

अलीकडची हालहवाल कळवतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि कोतवालाला महसूल सेवक. लोक दोघांनाही पूर्वीच्याच नावाने हाक मारतात. २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला राज्यातल्या रेकॉर्ड रूमची कुलपे उघडली. कोतवाल बुक, गाव नमुना चौदा, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे जनरल रजिस्टर, १९५१ ची नागरिक नोंदवही, सगळे झाडून बाहेर निघाले. पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्या. ज्या कागदांची विचारपूस आजवर फक्त वाळवीने केली होती, त्यांच्यापुढे रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्याला डॉक्टरचा भाव आला. नंबर लावावा लागतो, आणि त्याचा चेहरा गंभीर झाला की आपल्या पोटात गोळा येतो.

असो. पत्राचे कारण तक्रारी आहेत.

पहिली तक्रार अक्षराची. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लोंबत ठेवायची, ही रीत मला मान्य आहे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालायचा नाही, हेही एक वेळ चालेल. पण जातीच्या रकान्यात तुम्ही नुसते 'कु.' लिहिलेत, भाऊसाहेब! पुढची दोन अक्षरे लिहायला शाई किती लागली असती? आता मी चार माणसांसमोर उभा राहून सांगतो आहे की 'कु.' म्हणजे कुणबी. त्यांतला एक विचारतो, कुंभार कशावरून नाही? दुसरा म्हणतो, हल्ली 'कु.' म्हणजे कुमारी. आमचे पणजोबा कुमारी नव्हते, एवढे मात्र मी जागच्या जागी सिद्ध करू शकलो. मी स्वतः पुरावा म्हणून हजर होतो.

दुसरी तक्रार आडनावाची. तुम्ही लिहिलेत, 'दगडू बिन राघू'. बस्स. आडनाव नाहीच. तुम्हाला त्याची गरज नव्हती. वाडीत दगडू चार असले तरी राघूचा दगडू एकच. पण दगडूचे दोन मुलगे बोटीने मुंबईला आले. थोरला परळला गिरणीत लागला. मस्टर भरणाऱ्या कारकुनाने गाव विचारले, पुढे 'कर' जोडले आणि आमचे आडनाव झाले. धाकटा दुसऱ्या गिरणीत गेला. तिथल्या कारकुनाने गावाऐवजी वाडी विचारली. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली आणि आज धाकट्या पातीतला माझा चुलतभाऊ कागदोपत्री माझा कोणी लागत नाही. त्याच्या मुलीची वैधता झाली आहे, पण ती आमच्या उपयोगाची नाही, कारण नाते सिद्ध होत नाही. लग्नात मात्र आहेर दोन्ही घरांचा एकत्र लिहिला जातो. तीच एक वही आम्हाला एका कुळाचे मानते.

तिसरी तक्रार पणजोबांच्या नावाचीच. घरात ठरले होते की एवीतेवी कागद काढलेच आहेत, तर वंशवृक्ष करून हॉलमध्ये फ्रेम लावावी. चुलतभावाने तलवारीचे चित्रही निवडून ठेवले होते. मूळपुरुष किमान शिलेदार निघावा अशी सर्वांची माफक अपेक्षा होती. न्यू जर्सीच्या मेव्हण्याने तर नळीत थुंकून ती प्रयोगशाळेत पाठवली. दीड महिन्याने उत्तर आले की आपण दक्षिण आशियातले आहात. त्याला त्याचेही कौतुक. आणि इकडे तुमच्या रजिस्टरातून निघाला दगडू. ग्रुपवर मी पानाचा फोटो टाकला, त्यानंतर दोन दिवस कोणी शुभप्रभातसुद्धा घातले नाही. मग चुलतभावाने सुचवले, मोडी आहे, 'दत्ताजी'सुद्धा वाचता येईल.

मोडीवाचक अनुभवी होता. त्याने बोट दोन पाने मागे नेले. राघूचा मुलगा, आठ दिवसांचा, ताप. राघूची मुलगी, तीन महिन्यांची, ताप. मग राघूचा मुलगा, जन्म : दगडू. "नावाला हसू नका," तो म्हणाला. "आधीची दोन गेली म्हणून हा दगडू. देवाला वाटावं, दगड आहे, नेऊन काय करू." दगडू, धोंडू, केरू ही नावे लाडाची नव्हेत, लपवाछपवीची आहेत, हे मला पन्नाशीत कळले. तुम्ही नाव लिहून घेत होतात तेव्हा तुम्हाला ते माहीत असणार. आधीच्या दोन ओळीही तुमच्याच हातच्या आहेत.

चौथी तक्रार तापाची. तुमच्या गावात लोक तापाने मरत, आणि अधूनमधून पटकीने किंवा देवीने. साप चावलेला एक आहे. बाकी सगळे ताप. सरकारने छापील रकानेच तेवढे दिले होते, हे मान्य. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, उपास, सगळ्यांना तुमच्याकडे एकच शब्द. त्या शब्दाखाली अख्खे गाव निजले आहे.

आता पाचवी, आणि ही तक्रार नाही, हिशेब आहे.

आमच्याच मजल्यावर एक शेजारी आहेत. त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, उशाला घेता येईल एवढा जाड. गोत्र, मूळ गाव, कोण कोणत्या सालात मामलेदार झाला, कोणाला पेन्शन किती, कोणाची मुलगी कुठे दिली, सगळे आहे. भला माणूस, त्यांनी तो मला आपुलकीने वाचायला दिला. देशावरच्यांची सोय निराळी. ते त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेले की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून वही काढतात आणि आजोबांची सही समोर ठेवतात. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन दारात येतो आणि पिढ्या म्हणून दाखवतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे तर अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन मंडळींनी मायक्रोफिल्मवर चित्रण करून ठेवले आहे. आमच्या घरातले कोणी गोदावरीपर्यंत पोचलेच नाही, तर वहीत नाव कुठून येणार? आणि बोरू तर कधी हातात धरला नव्हता. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांनी आपले कूळ स्वतः लिहिले. आमचे दुसऱ्यांनी लिहिले, तेही येणे बाकी असेल तेव्हा.

म्हणून दगडूचा पुढचा मागोवा मला खोताच्या कागदांत लागला. मराठी भाषाही मोठी मिस्कील आहे, भाऊसाहेब. घराण्याला कूळ म्हणते आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही कूळच म्हणते. मी कूळ शोधायला गेलो आणि मला कूळ सापडले. पणजोबा खोताचे कूळ. भाताचा वाटा अर्धेलीचा, वर वेठ. एका वर्षी थकलेले भात नोंदवले आहे, पुढच्या वर्षी त्यावर चढलेले. घराण्याच्या इतिहासात आमचे एवढेच पराक्रम नोंदले आहेत, आणि तेही तारीखवार.

१९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. खोती संपायला १९४९ चा कायदा यावा लागला. मग कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणारा मालक झाला. त्यानंतरच्या फेरफारात दगडूचे नाव इतर हक्कातून उठून मालकाच्या रकान्यात बसले. क्षेत्र अकरा गुंठे. तेव्हा त्याची साठी उलटली होती.

गंमत बघा, त्याच १९५७ साली मुलुंड मुंबईत आले. तोवर हे ठाणे जिल्ह्यातले गाव. १८५३ ची पहिली आगगाडी याच्या शिवारातून ठाण्याला गेली. १९२२ मध्ये झवेरभाई रामजी शेठ यांनी क्राऊन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून इथले रस्ते आखून घेतले, म्हणून स्टेशनच्या पश्चिमेला आजही झवेर रोड आहे. म्हणजे मुलुंडचाही मूळपुरुष ज्ञात आहे, नकाशासकट. झवेरभाईंच्या आधी इथे जे भात लावत होते आणि मीठ ओढत होते, त्यांना शोधायचे तर ठाण्याच्या जुन्या दप्तरातला एखादा तलाठीच गाठावा लागेल. त्यांचेही कोणी वारस मिठागर रोडला राहत असतील. तेही कुठल्या तरी 'कु.'पुढे डोके धरून बसले असतील.

काम झाले का, ते विचाराल. झाले. जनरल रजिस्टरात आजोबांच्या चुलत्याचे नाव निघाले, तिथल्या मास्तरांनी जात पूर्ण लिहिली होती. मास्तर ते मास्तर. चिरंजीव आता दुसऱ्या सत्रात दोन विषय राहिलेत म्हणून तोंड लपवत आहेत. वंशवृक्षाची फ्रेमही लागली. तलवार काढून टाकली. मुळाशी राघू आणि त्याच्या वर, जिथून खोड सुरू होते, तिथे दगडू लिहिले आहे. चुलतभाऊ आला की अजूनही त्याच्याकडे पाठ करून बसतो.

खरे तर माझा राग निवळला तो सोसायटीच्या सूचना फलकामुळे. पार्किंगच्या दरावरून वाद घालून मी दोन तिमाहींचा मेंटेनन्स भरलेला नाही. परवा खाली उतरताना बघितले, थकबाकीदारांच्या यादीत माझे नाव तिसरे. पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, रक्कम, वर चढलेले व्याज. मी फोटो काढले हजारो, मेल लिहिले हजारो. त्यांतले शंभर वर्षांनी उघडेल असे एकही नाही. पण सोसायटीचे दप्तर जाड पुठ्ठ्याचे आहे आणि सेक्रेटरीचे अक्षर तुमच्यापेक्षा बरे आहे. माझा पणतू मला तिथेच भेटेल, दगडूसारखा, येणे बाकीसह. तेव्हा लिहिणाऱ्याला दोष देणे मी सोडून दिले.

एक बाब सोडून. ती खाली लिहितो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दगडूचा पणतू

ता. क. दगडू वर्षाचा असताना तुम्ही आणखी एक ओळ लिहिलीत. 'राघूची बायको, वय अंदाजे पंचवीस, ताप.' ही माझी खापरपणजी. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदावर महाराष्ट्रात आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले आहे, पण शासन निर्णय मागच्या तारखेने लागू होत नाही. पडताळणीच्या वंशावळीत तिला जागाच नव्हती. भिंतीवरच्या फ्रेममध्ये राघूशेजारी मी एक चौकट काढून घेतली आहे. ती रिकामी आहे. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीलाही विचारून झाले. खबर द्यायला राघू तुमच्यासमोर उभा होता, भाऊसाहेब. तुम्ही त्याला तापाचे विचारलेत, वयाचे विचारलेत. आणखी एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?